बारा खलाशी, सहा उपाय आणि सगळ्यांना एकच जेवण

स्कर्व्ही म्हणजे हिरड्या सुजून सडायच्या, अंगावर काळेनिळे डाग, गुडघ्यात त्राण नाही, आणि अठराव्या शतकात लांबच्या सफरीवर ब्रिटिश नौदलाचे कितीतरी खलाशी याने गेले. उपाय सांगणारे ढीगभर, कुणी म्हणे व्हिनेगर द्या, कुणी म्हणे समुद्राचं पाणी पाजा.

मे १७४७ मध्ये सॅलिसबरी जहाजावरचा सर्जन जेम्स लिंड याने बारा पेशंट घेतले, होता होईल तेवढे सारख्या लक्षणांचे, सगळ्यांना एकाच जागी ठेवलं, सकाळी सगळ्यांना साखर घातलेली पेज, जेवायला बऱ्याचदा मटणाचं सूप. मग दोन-दोनच्या सहा जोड्या करून फक्त उपाय बदलला: सायडर, पातळ गंधकाम्लाचे थेंब, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, लसूण-मोहरी वगैरेची गोळी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री नि एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली, पण तेवढ्यात त्यातला एक जण ड्युटीला फिट झाला आणि दुसऱ्याला बाकीच्यांची सेवा करायला लावलं!

सगळे संत्र्या-लिंबाचं कौतुक करतात, मला ती पेज जास्त महत्त्वाची वाटते. फळवाल्या जोडीला जेवणही वेगळं मिळालं असतं तर फरक फळांनी पडला की जेवणाने, हे कळलंच नसतं. मुलांच्या सायन्स प्रोजेक्टमध्ये हेच होतं, एक कुंडी उन्हात, एक सावलीत, पण पाणी कुणी मोजतच नाही.

लिंडचा प्रयोगही पूर्ण फेअर नव्हता बरं का. ज्यांची अवस्था सगळ्यात वाईट होती त्या दोघांनाच त्याने समुद्राचं पाणी दिलं, त्यामुळे ते सुधारले नाहीत याचा दोष पाण्यावर टाकता येत नाही, सुरुवातच सारखी नव्हती ना. शिवाय जोडीत दोघंच, म्हणजे एखाद्याची तब्येत मुळात दणकट असली तरी निकाल फिरू शकतो.

पुढे खरी गडबड झाली. फळं जहाजावर टिकत नाहीत म्हणून लिंडने १७५३ च्या त्याच्या ग्रंथात रस काही तास गरम करून आटवून ठेवायला सांगितलं. आता आपल्याला माहितीय की स्कर्व्ही व्हिटॅमिन सी कमी पडल्याने होतो, फळांमध्ये ते असतं, आणि उष्णतेने ते नष्ट होतं. प्रयोग झाला होता ताज्या फळांवर, आटवलेल्या रसावर नाही, त्यासाठी वेगळ्या जोड्या हव्या होत्या: एकीला ताजी फळं, दुसरीला तोच रस आटवून, आणि पेज दोघींनाही तीच.