बीओडी आणि सीओडी: एकाच पाण्याच्या दोन बाटल्या

शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधल्या नव्या मुलाने विचारलं, "ताई, सीओडी तर आलाय. मग बीओडीसाठी सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? तीनने भागून लिहू या ना." डिप्लोमा करून तो नुकताच महापे एमआयडीसीत लागलाय. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण भागाकाराचं हे सूत्र मीही पहिल्या नोकरीत शिकले होते आणि त्याने काय होतं तेही तिथेच पाहिलं.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात, दोन्ही ऑक्सिजनचे असतात आणि सांडपाण्याच्या रिपोर्टवर एकाखाली एक छापलेले असतात. पण बीओडी, म्हणजे बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड, सांगतो की पाण्यातली घाण खाताना जंतूंनी किती ऑक्सिजन वापरला. सीओडी, म्हणजे केमिकल ऑक्सिजन डिमांड, सांगतो की तीच घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागला असता. आमटीतली शेवग्याची शेंग आठवा. जंतू गर खातात आणि चोथा बाजूला ठेवतात, सीओडीतलं रसायन, डायक्रोमेट, मात्र गर-चोथा दोन्ही जाळून टाकतं. म्हणून सीओडी मोठा येतो, आणि दोघांमधलं अंतर हा त्या पाण्यातला चोथा. (पिरिडिनसारखे काही पदार्थ डायक्रोमेटलाही दाद देत नाहीत, पण ते अपवाद.)

टेबलावर तर दोघांचं काहीच जुळत नाही. सीओडीच्या नळीत पोटॅशियम डायक्रोमेट, तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, उत्प्रेरक म्हणून सिल्व्हर सल्फेट आणि क्लोराइडला अडवायला मर्क्युरिक सल्फेट जातं. १५० अंशांवर दोन तास तापवायचं (डायजेशन), मग थंड करून रंग दाखवणाऱ्या फेरोइनचे दोन-तीन थेंब टाकायचे आणि फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन. रंग निळसर हिरव्यावरून एकदम विटकरी तांबड्यावर जातो. दुपारच्या आत आकडा हातात. राहिलेल्या द्रवात मात्र पारा, चांदी आणि क्रोमियम असतं. तो कधीही बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, तो घातक कचऱ्यातच गेला पाहिजे.

बीओडीत काम जिवंत जंतूंचं, त्यामुळे घाई चालत नाही. ३०० मिलिलिटरची बाटली, त्यात मोजून सॅम्पल आणि वर हवा भरलेलं डायल्यूशन वॉटर, म्हणजे सॅम्पल पातळ करायचं पाणी. पाण्यात जंतूंना लागणारे फॉस्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह हे क्षार घातलेले असतात. सॅम्पल कारखान्याचं असेल तर थोडं सांडपाणी 'सीड' म्हणजे जंतूंचं विरजण म्हणून घालायचं. बुडबुडा राहू न देता बूच लावायचं आणि २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायचं. जुन्या पुस्तकांत पाच दिवस आणि २० अंश दिसतात. ती पद्धत ब्रिटनमधून आली, आपल्याकडचं पाणी उबदार म्हणून भारतीय मानकाने तीन दिवस आणि २७ अंश घेतले. पहिल्या दिवशी विरघळलेला ऑक्सिजन ७.६ होता, तिसऱ्या दिवशी ४.२ राहिला, म्हणजे ३.४ खर्च झाला. १० मिलिलिटर सॅम्पल घेतलं होतं, म्हणजे तीसपट पातळ केलेलं. ३.४ गुणिले ३०, बीओडी १०२.

सॅम्पल घेतानाच बाटल्या दोन हव्यात. सीओडीच्या बाटलीत तिथल्या तिथे सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच दोनच्या खाली आणतात, मग ते पाणी बरेच दिवस टिकतं. बीओडीच्या बाटलीत ॲसिडचा थेंबही चालत नाही. ती बर्फात ठेवून त्याच दिवशी लावायची. एकाच बाटलीत ॲसिड टाकून दोन्ही टेस्ट केल्या, तर बीओडी शोधायच्या आधीच आपण खाणाऱ्यांना मारलेलं असतं. रिपोर्टवर छान कमी आकडा येतो आणि कोणी शंकाही घेत नाही.

खरा धोका हाच आहे. कमी बीओडी म्हणजे स्वच्छ पाणी असं नेहमी नसतं, कधीकधी ते विषारी पाणी असतं. एक सॅम्पल २० पट पातळ केल्यावर बीओडी ५० आला, १०० पटीला २४० आणि २०० पटीला ४२०, असं दिसलं तर समजायचं की पाण्यात जंतूंना मारणारं काहीतरी आहे. पाणी जितकं पातळ कराल तितका विषाचा जोर उतरतो आणि जंतू जेवायला लागतात. म्हणून मी एका सॅम्पलला तीन डायल्यूशन लावल्याशिवाय राहत नाही, कितीही उशीर झाला तरी.

आता पहिल्या नोकरीतली गोष्ट. रंगाला लागणारी रसायनं करणारा कारखाना होता. रजिस्टरमध्ये इनलेटचा सीओडी २४००, बीओडी ८००, महिनोन्‌महिने बरोबर तिसरा हिस्सा. जंतूंना वाढायला १०० भाग बीओडीमागे ५ भाग नायट्रोजन आणि १ भाग फॉस्फरस लागतो, त्या हिशोबाने एरेशन टँकमध्ये (जंतूंना हवा देण्याच्या टाकीत) युरिया आणि डीएपी पडत होतं. घरगुती सांडपाण्यात बीओडी साधारण सीओडीच्या निम्मा असतो, त्यामुळे अशा अंदाजाने थोडं तरी भागतं. त्या रंगाच्या पाण्यात मात्र चोथाच जास्त. मी खरोखर बाटल्या लावल्या तेव्हा बीओडी १५०च्या आसपास आला. म्हणजे गरजेच्या पाचपट युरिया पडत होता. न वापरलेला नायट्रोजन अमोनिया होऊन आउटलेटला ५०च्या मर्यादेवर जात होता आणि सगळे 'जंतू नीट काम करत नाहीत' म्हणत गूळ आणि शेण टाकत होते. त्या जंतूंचा काही दोष नव्हता. त्यांच्या ताटात खाण्याजोगं होतं त्यापेक्षा पाचपट आम्ही कागदावर वाढत होतो.

सीओडीही फसवतो, आणि नवी मुंबईत तर विशेष. आपले नाले खाडीला मिळतात, भरतीला खाडीचं पाणी नाल्यात वर चढतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं. डायक्रोमेट क्लोराइडलाही जाळतं, आणि न अडवलेलं प्रत्येक मिलिग्रॅम क्लोराइड सीओडीत सुमारे ०.२३ मिलिग्रॅमची खोटी भर घालतं. मर्क्युरिक सल्फेट नेहमीच्या मापाने २००० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड सांभाळतं. मी एकदा भरतीच्या वेळी नाल्याचं सॅम्पल घेतलं, तेव्हा सीओडी पाहून कोणीतरी टँकर ओतला असंच वाटलं. ओहोटीला परत गेले, आकडा निम्म्याहून खाली. तेव्हापासून नाल्याचं सॅम्पल घ्यायला निघण्याआधी भरतीची वेळ बघते आणि सीओडीआधी क्लोराइड करते.

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी बीओडी ३० आणि सीओडी २५० ही सर्वसाधारण मर्यादा आहे. दोन्ही वेगळ्या दिल्यात त्याला कारण आहे. खाडीतल्या निवटी माशाच्या तोंडचा ऑक्सिजन येत्या काही दिवसांत किती जाईल हे बीओडी सांगतो. जंतूंना न पचलेलं किती काही गाळात साचत राहील, याचा अंदाज सीओडी देतो. कारखान्याच्या गेटवरच्या स्क्रीनवर दोन्ही आकडे मिनिटामिनिटाला बदलताना दिसतात. तिथला बीओडी बहुतेक वेळा प्रकाशाच्या शोषणावरून काढलेला अंदाज असतो. घाण पाणी वेळीच रोखायला तो उपयोगी आहे, पण बाटलीशी ताडून पाहिल्याशिवाय मी त्यावर सही करत नाही.

मुलाला म्हटलं, "तीनने भाग आणि तो आकडा पेन्सिलने कोपऱ्यात लिहून ठेव." सीओडी २१० होता, त्याने ७० लिहिला, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. सोमवारी सकाळी उरलेला ऑक्सिजन मोजायला तिन्ही बाटल्यांत मँगेनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकलं, तपकिरी साका बसला, ॲसिडने विरघळला. टायट्रेशन त्याने स्वतः केलं. स्टार्चचा निळा रंग गेला आणि त्याने हिशोब मांडला. तिन्ही डायल्यूशनचे आकडे एकमेकांना धरून, १८च्या आसपास.