दगडावरून घराघरांत पोहोचलेला चेहरा

फेब्रुवारी १८७० मध्ये हायरम रेव्हल्स अमेरिकेच्या सिनेटवर गेले. तिथे बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी बॉस्टनच्या लुई प्रँग यांनी त्यांचं रंगीत व्यक्तिचित्र छापलं आणि एक प्रत फ्रेडरिक डग्लस यांना पाठवली. गुलामगिरीतून निसटून आलेले डग्लस चित्रांकडे फार बारकाईने पाहत. गोऱ्या चित्रकारांकडून आमचे चेहरे निःपक्षपणे रेखाटले जाणं अशक्य, असं त्यांनी १८४९ मध्येच लिहिलं होतं. या चित्राने मात्र ते सुखावले. आम्हाला एरवी माकडासारखं रंगवतात. इथे पूर्वग्रह असलेल्यालाही समोर माणूस आहे हे मान्य करावं लागेल, असं त्यांनी प्रँग यांना कळवलं.

हे चित्र शिळाछापाचं. १७९०च्या दशकात बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डर यांनी शोधलेल्या या तंत्रात काहीच कोरावं लागत नाही. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर मेण, चरबी, साबण आणि काजळीच्या खडूने थेट चित्र काढतात. मग डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल घालून ते दगडावर फिरवतात. खडूतली चरबी दगडातल्या कॅल्शियमशी जोडली जाऊन तिथे पाणी न धरणारा थर बनतो. मोकळ्या जागेवर डिंकाचा पातळ थर बसतो आणि ती जागा ओल धरते. दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेषांना चिकटते. रंगीत छपाईसाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, आणि सगळे ठसे कागदावर नेमके एकावर एक बसावे लागतात.

चेहऱ्यासाठी हे तंत्र विलक्षण योग्य. दगडाला वाळूने बारीक खरखरीतपणा दिलेला असतो. त्यावर खडू हलका किंवा दाबून फिरवला, की गालावरची सावली, कपाळावरचा उजेड हळुवार उतरतो. शिवाय एका दगडावरून भरपूर प्रती निघतात, त्यामुळे किंमत उतरते. तैलचित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात राही. हे चित्र मजुराच्या घरातही लागू शके. स्वातंत्र्य मिळालेल्यांच्या घरांच्या भिंतींवर आता त्यांची बदललेली स्थिती दिसू लागेल, अशी आशा डग्लस यांनी त्याच पत्रात व्यक्त केली.

दगडाला मात्र चित्र कुणाचं आणि कशासाठी, याचं सोयरसुतक नसतं. १८८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्ह्स कंपनीने याच तंत्राने ‘डार्कटाउन’ ही मालिका छापली. तिच्यात कृष्णवर्णीयांची उघड टवाळी होती आणि ती जोरात खपली.