जेएमएस व जेएनडीआय : सर्व्हर प्रशासकांचे प्रशिक्षण, बेळगाव सीमाभाग

वेबलॉजिक, वाइल्डफ्लाय, ग्लासफिश यांसारख्या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरवर (जावात लिहिलेले प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरवर) एका प्रोग्रामचा संदेश दुसऱ्याला पोचवणारी संदेशसेवा (जेएमएस) आणि नामसेवा (जेएनडीआय) बसवणे, त्यांची नोंद करणे व बिघाड शोधणे यांचे प्रशासकाला दिले जाणारे शिक्षण. जेएमएसचे पहिले तपशील १९९८ सालचे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठही त्याच वर्षी बेळगावात स्थापन झाले. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी इथल्या मराठी शाळांतून आलेली मुले पुढे अभियांत्रिकी इंग्रजीतून शिकतात. त्यांना 'क्यू' (संदेशांची रांग), 'टॉपिक' (एकच संदेश अनेकांना देणारी जागा), 'लुकअप' (नावाने शोध) हे शब्द जसेच्या तसे ठेवून बाकी सगळे मराठीतून सांगावे. विषय फार लवकर डोक्यात बसतो.

आधी नामसेवा. रांग कुठल्या मशीनवर आहे, पोर्ट कोणता, याची प्रोग्रामला फिकीर नसते. तो नाव विचारतो आणि जेएनडीआय त्या नावामागची वस्तू हाती देते. प्रशासकाला मात्र दोन नावे सांभाळावी लागतात: रांगेचे सर्व्हरमधले नाव आणि तिचे जेएनडीआय नाव. शिकाऊ माणूस हमखास इथेच अडखळतो. वाइल्डफ्लायमध्ये बाहेरच्या मशीनवरून शोधायची रांग 'जावा:जेबॉस/एक्सपोर्टेड' या शाखेखाली नोंदवावी लागते, आणि बाहेरचा प्रोग्राम ती शोधताना ही शाखा गाळून उरलेले नाव देतो. ही नोंद राहून गेली तर सर्व्हरमधला प्रोग्राम सुरळीत चालतो, बाहेरचा मात्र 'नेम नॉट फाउंड' देऊन थांबतो. अशा वेळी नेटवर्क तपासण्यात तासन्‌तास जातात.

संदेशसेवेचा सराव इथल्याच कामावर घ्यावा. समजा, चिकोडी भागातल्या साखर कारखान्यात उसाचा ट्रॅक्टर काट्यावर आला. वजन झाले की पावतीचा संदेश रांगेत पडतो आणि बिलाचा प्रोग्राम तो उचलतो. कनेक्शन फॅक्टरी (प्रोग्रामला संदेशसेवेशी जोडणी देणारी वस्तू) आणि रांग तयार करून झाली की बिलाचा प्रोग्राम मुद्दाम बंद ठेवावा, काही पावत्या साठू द्याव्यात आणि मग सर्व्हरच बंद करून पुन्हा चालू करावा. संदेश पर्सिस्टंट (डिस्कवर जपले जाणारे) असतील आणि डिस्कवरचे स्टोअर नीट जोडलेले असेल तर सगळ्या पावत्या जागेवर सापडतात. नॉन-पर्सिस्टंट असतील तर गेल्या. उसाचे वजन हरवणे म्हणजे काय, हे या भागातल्या पोरांना वेगळे सांगावे लागत नाही, म्हणूनच हा सराव कुठल्याही तयार पाठापेक्षा सरस.

रांगेतला एक संदेश एकालाच मिळतो. तीच पावती शेती विभागालाही हवी असेल तर टॉपिक लागतो. टॉपिकचा ग्राहक त्या वेळी बंद असेल तर संदेश त्याला चुकतो. तसे होऊ नये म्हणून ड्युरेबल सबस्क्रिप्शन (ग्राहक बंद असतानाचे संदेश त्याच्यासाठी राखून ठेवणारी नोंदणी) घ्यावे लागते.

एखादी पावती बिलाच्या प्रोग्रामला वाचताच आली नाही तर ती पुन्हा पुन्हा दिली जाते. वाइल्डफ्लायमधल्या आर्टेमिस या संदेशसेवेमध्ये ठरलेली मर्यादा १० प्रयत्नांची, त्यानंतर संदेश डेड लेटर क्यूमध्ये (न पोचलेल्या संदेशांच्या रांगेत) जातो. ही रांग रोज उघडून पाहायची सवय प्रशिक्षणातच लागली पाहिजे, नाहीतर शेतकरी बिलासाठी फेऱ्या मारतो आणि पावती कुठे अडकली हे कुणालाच ठाऊक नसते.

सीमाभागात नावे देवनागरीतही येतात आणि कन्नडमध्येही. टेक्स्टमेसेज हा संदेशाचा प्रकार युनिकोड मजकूर नेतो, तिथे अडचण नाही. नुसते बाइट नेणारा बाइट्समेसेज वापरला तर दोन्ही टोकांनी यूटीएफ-८ ही अक्षरे बाइटमध्ये लिहायची पद्धत ठरवून घ्यावी, अन्यथा नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

जकार्ता ईई हे या जावा सर्व्हरांचे मानक; २०२० च्या त्याच्या ९ व्या आवृत्तीपासून पॅकेजचे 'जावाएक्स' हे नाव जाऊन 'जकार्ता' आले. त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या सर्व्हरवर तसाच चढत नाही.

सुरक्षेचा धडा डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या जगाला मिळाला. लॉग४जे ही जावा प्रोग्रामच्या नोंदी (लॉग) लिहिणारी लायब्ररी लॉगमध्ये आलेल्या मजकुरातलेच नाव जेएनडीआयमार्फत शोधायला परक्या एलडीएपी सर्व्हरकडे (नावनोंदी पुरवणाऱ्या सर्व्हरकडे) जाई आणि तिथून आलेला कोड चालवी. म्हणून लायब्ररी अद्ययावत करणे आणि सर्व्हरवरून बाहेर जाणारी एलडीएपी जोडणी फायरवॉलवर अडवणे, ही दोन्ही कामे प्रत्येक शिकाऊ प्रशासकाकडून प्रत्यक्ष करून घ्यावीत.