शिबला-पार्डीचे खांब

पानटपरीवर काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे पाहा जी, किल्ल्याचे खांब हायेत. मान्साबिगर असं काम होते काय?"

व्हिडिओत यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबला-पार्डीचे दगड होते. रस्त्याच्या कामात उघडे पडलेले, काळे, एकमेकांना खेटून उभे, सहा-सहा बाजूंचे. खाली निवेदक बुडालेल्या महान संस्कृतीबद्दल गरजत होता. निवेदकाचं सोडा, काकांचा प्रश्न मात्र रास्त आहे. अशा खांबांच्या अंगावर बऱ्याचदा आडवे पट्टेही दिसतात, अगदी छिन्नी चालवल्यासारखे.

उत्तर काकांच्याच वावरात आहे. मे महिन्यात आपली काळी माती हात जाईल एवढी फाटते. पाणी उडालं की माती आक्रसते, पण खालच्या थराला चिकटलेली असल्यामुळे तिला मोकळेपणी आक्रसता येत नाही. मग ताण वाढतो आणि भेग पडते. पहिल्यांदा सुकणाऱ्या चिखलात भेगा बहुधा काटकोनात मिळतात. ओलं-सुकं असे फेरे होत राहिले की त्या हळूहळू बेचक्यासारख्या, १२० अंशांत मिळू लागतात. तीन भेगांचा असा तिठा सगळीकडे पडला की षटकोन आपोआप तयार होतात.

शिबला-पार्डीचे खांब म्हणजे गोठलेला लाव्हारस. त्यात पाण्याऐवजी उष्णता निघून जाते, एवढाच फरक. ११०० अंशांच्या आसपासचा रस गोठून दगड झाला, तरी तो दगड लालबुंदच असतो आणि निवताना आक्रसतो. भेग निवलेल्या पृष्ठभागावर सुरू होऊन आत शिरते, तीही एका दमात नाही. काही सेंटीमीटर सरकते, थांबते, आतला दगड निवला की पुन्हा सरकते. प्रत्येक थांब्याची खूण म्हणजे तो आडवा पट्टा, काकांची छिन्नी! निवणं संथ असेल तर खांब जाड, झटपट असेल तर बारीक. आणि सगळे षटकोनी नसतातच. मोजायला बसलात तर पाच आणि सात बाजूंचेही निघतील. कारागिरानं असं काम केलं असतं तर मजुरी कापली गेली असती.

घरी करून पाहायचं असेल तर कॉर्नफ्लॉवर आणि पाणी सारख्या प्रमाणात कालवून काचेच्या भांड्यात ठेवा, वर काही दिवस बल्ब लावा. (आमचं पहिलं भांडं मांजरीनं सांडलं.) सुकलेली वडी अलगद मोडली की आत काडीएवढे उभे खांब दिसतात.

दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन तीनेक लाख वर्षं झाली, त्यामुळे खांब घडवायला तेव्हा कोणी हजरच नव्हतं. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर असे सुमारे ४० हजार खांब आहेत आणि तिथल्या लोकांनी त्यांचं श्रेय एका राक्षसाला दिलं.

इंडोनेशियातल्या गुनुंग पादांगची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. तिथे निसर्गानं केलेले खांब माणसांनी उचलून टेकडीवर पायऱ्या-ओटे रचले, हे खरंच. पण २०२३ मध्ये एका शोधनिबंधानं टेकडीच्या पोटातलं बांधकाम २७ हजार वर्षांपर्यंत जुनं असल्याचा दावा केला. वय काढलं होतं मातीचं, आणि त्या मातीत माणसाच्या हाताची एकही खूण नव्हती. २०२४ मध्ये नियतकालिकानं तो निबंध मागे घेतला. जमिनीखालची माती जुनी असणारच. आपल्या अंगणात खोल खणलं तरी ती जुनीच निघेल!

विदर्भात खरे पुरातन दगड आहेत, पण ते असे देखणे नाहीत. नागपूरजवळ जुनापाणीला ओबडधोबड धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळं आहेत. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या सहस्रकातली ही दफनं. माहुरझरीच्या अशाच वर्तुळांत घोड्यांचे सांगाडे आणि त्यांचे तांब्याचे दागिने सापडले, तर नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी.

मी काकांना जुनापाणीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"असे गोल मांडलेले धोंडे तं आमच्या धुऱ्यावरबी होते जी."

"होते?"

"ट्रॅक्टरनं काढले न् विहिरीच्या कठड्याले लावले."