चौदा मिलिमीटरचा पडदा

भाच्याच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर एक ओळ पेनानं अधोरेखित केली होती. पडद्याची जाडी १४ मिमी, आणि पुढे ‘एचसीएम?’. भाचा १९ वर्षांचा. पहाटे चारला उठून तालमीत जोर-बैठका मारायच्या, माती उकरायची आणि एक दिवस शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मोठी कुस्ती करायची, एवढंच त्याचं जग. रिपोर्ट वाचून तो एवढंच म्हणाला, “मामा, माती सुटली न्हवं आता?” त्या एका प्रश्नचिन्हानं आमच्या घराची झोप उडवली.

एचसीएम म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. यात हृदयाच्या डाव्या जवनिकेचा (खालच्या कप्प्याचा) स्नायू, बहुतेकदा दोन जवनिकांमधला पडदा, दुसरं काही कारण नसताना जाड होतो. दोष बहुधा जनुकांत असतो. साधारण ५०० माणसांत एकाला हा आजार असतो, आणि आईवडिलांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. तरुण खेळाडू मैदानावरच कोसळतो, त्यामागच्या कारणांत याचं नाव येतं. त्यामुळे तपासणाऱ्यानं संशय घेतला यात मला काही गैर वाटत नाही. निरोगी पुरुषात ही भिंत ६ ते १० मिमी असते. १५ किंवा त्याहून जास्त भरली आणि बीपी, झडपेचा आजार असं कारण सापडलं नाही, तर एचसीएम म्हणतात. घरात हा आजार असेल तर १३ सुद्धा पुरेसे धरतात. भाचा नेमका मधल्या पट्ट्यात अडकला होता.

हे दोन-तीन मिलिमीटर मोजतात कसे, ते पाहण्यासारखं आहे. छातीवर टेकवायच्या प्रोबमधून सेकंदाला सुमारे २५ लाख कंपनांचा ध्वनी निघतो. शरीरात तो सेकंदाला १५४० मीटर वेगानं जातो, म्हणजे एका लाटेची लांबी ०.६ मिमीच्या आसपास. मशीन कितीही भारी असलं तरी मिलिमीटरभर इकडेतिकडे व्हायला मोजणाऱ्याचा हात पुरतो.

त्यात कोन. ऊसतोडीला गेलेल्याला हे सांगावं लागत नाही. कोयता आडवा सरळ बसला तर उसाचा काप गोल निघतो, तिरका बसला तर तोच ऊस लांबट अंड्यासारखा दिसतो. ध्वनीची रेषा पडद्याला ४० अंशांनी तिरकी गेली तर ११ मिमीची भिंत १४ मिमीच्या वर भरते. एम-मोड या जुन्या पद्धतीत एकाच रेषेवर माप घेतात, तिथे हा धोका फार. शिवाय ठोक्यागणिक आकुंचन पावताना निरोगी भिंतसुद्धा तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त जाड होते. म्हणून माप हृदय पूर्ण सैलावलेलं असतानाच घ्यायचं. इको करताना छातीला ईसीजीच्या (ठोक्याचा आलेख काढणाऱ्या) वायरी लावतात त्या याचसाठीही.

“पैलवानाचं काळीज जाडच असायचं,” असं तालमीत भाच्याला ज्यानं-त्यानं सांगितलं. त्याला आधार नाही असं नाही. १९७५ साली अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंचे इको झाले, तेव्हा पळणाऱ्यांच्या हृदयाची पोकळी मोठी आणि कुस्तीगिरांच्या भिंती १३-१४ मिमी जाड आढळल्या होत्या. पण १९९१ मध्ये इटलीतल्या ९४७ अव्वल खेळाडूंची मापं प्रसिद्ध झाली. १३ मिमी किंवा जास्त भरणारे फक्त १६ निघाले. त्यातले १५ वल्हवणारे, एक सायकलपटू. कुस्तीगीर एकही नाही. म्हणून पैलवानाचा पडदा १४ भरला तर ‘खुराक आणि मेहनत’ म्हणून सोडून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी माप तपासावं. माप खरं निघालं तर आजार शोधावा.

दुसऱ्या डॉक्टरांनी नेमकं तेच केलं. मंद उजेडाची खोली, भाचा डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, छातीवर गार जेल. “श्वास सोडा, आता धरा.” चित्र गोठवून त्यांनी एकेक फ्रेम मागे नेली आणि ईसीजीच्या उंच टोकाशी, हृदय सैलावलेलं असतानाच्या क्षणी, थांबवली. मग पडद्याचा भाग मोठा करून मला जवळ बोलावलं. पडद्याच्या वरच्या अंगाला केसासारखी काळी फट होती. “ही दिसतेय? हिच्या वरचा पट्टा उजव्या जवनिकेचा स्नायू आहे, पडद्याला चिकटून जातो. तो यात मोजायचा नाही.” पहिल्या मापात तो धरला गेला होता. मग प्रोब फिरवून त्यांनी डावी जवनिका बांगडीसारखी गोल दिसेल असा आडवा छेद घेतला आणि चहूबाजूंनी जाडी मोजली. सगळीकडे १०-११. पोकळी ५६ मिमी, कसदार खेळाडूला साजेशी. एचसीएममध्ये ती बहुधा लहान, ४५ च्या आत राहते.

उलट चूकही होते. जाडी हृदयाच्या टोकाशी असेल आणि तिथलं चित्र आखूड आलं, तर आजार निसटतो. तिथे एमआरआय उपयोगी पडतो. उतारवयात मात्र काहींच्या पडद्याचा वरचा भाग नुसता फुगीर दिसतो, आजार नसतो. आणि इकोत भिंत जाड पण ईसीजीच्या रेघा बुटक्या असतील, तर स्नायू वाढलेला नसून त्यात अमायलॉइड नावाचं प्रथिन साठलेलं असू शकतं. म्हणून इको आणि ईसीजी शेजारी-शेजारी ठेवूनच वाचायचे. शंका तरीही उरली तर खेळाडूला तीन महिने मेहनत बंद करायला लावून पुन्हा मोजतात. सरावानं आलेली जाडी उतरते, आजाराची उतरत नाही.

भाच्याचा ईसीजी चांगला होता. तरी डॉक्टरांनी माझ्या बहिणीला समोर बसवून विचारलं, “माहेरी-सासरी कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?” तिनं दोन्हीकडची माणसं बोटांवर मोजली. कुणी नव्हतं. तेही त्यांनी लिहून घेतलं. नव्या रिपोर्टवर दोन छेदांची चित्रं आहेत, आणि मापाखाली एक ओळ : ‘उजव्या जवनिकेचा पट्टा वगळून, ११ मिमी.’