बनावट कागदपत्रे व ज्यू बालकांची सुटका : फ्रान्स (१९४०–४४)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये आणि जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच व्हिशी सरकारच्या अंमलाखालील दक्षिण विभागात ज्यू मुलांना अटक व हद्दपारी यांपासून वाचविण्यासाठी प्रतिकार संघटनांनी खोटे जन्मदाखले, बाप्तिस्म्याचे दाखले, शिधापत्रिका व ओळखपत्रे पुरविणारी जी गुप्त व्यवस्था उभारली, तिचा परामर्श प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. या काळात फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना हद्दपार करण्यात आले व त्यांत ११,००० हून अधिक मुले होती. लोकप्रिय लेखनात हा विषय एखाद्या निष्णात कारागिराच्या कौशल्याची कथा म्हणून येतो आणि त्या कथेच्या मध्यभागी बहुधा ओळखपत्र असते. मुलांच्या बाबतीत मात्र खरी निकड शिधापत्रिकेची होती.

कायदेशीर पार्श्वभूमी : २७ सप्टेंबर १९४० च्या जर्मन वटहुकुमाने व्याप्त विभागातील ज्यूंची नोंदणी सक्तीची झाली. व्हिशी सरकारने ३ ऑक्टोबर १९४० व २ जून १९४१ रोजी ज्यूंविषयीचे कायदे केले आणि दुसऱ्या कायद्याच्या तारखेसच दक्षिण विभागातही शिरगणतीचा हुकूम काढला. जून १९४२ पासून व्याप्त विभागात सहा वर्षांवरील ज्यूंना पिवळा तारा वापरणे बंधनकारक झाले. १६ व १७ जुलै १९४२ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या धरपकडीत सुमारे १३,००० लोक पकडले गेले, त्यांत चार हजारांवर मुले होती. ऑगस्टअखेर दक्षिण विभागातही परदेशी ज्यूंची धरपकड झाली. पुढे ११ डिसेंबर १९४२ च्या कायद्याने ज्यूंच्या ओळखपत्रांवर आणि शिधापत्रिकांवर ‘ज्यू’ असा शिक्का मारण्याची सक्ती दक्षिणेतही आली. फ्रेंच नागरिकांसाठी ओळखपत्राचा कायदा २७ ऑक्टोबर १९४० चा असून तो सोळा वर्षांवरील व्यक्तींनाच लागू होता. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलाजवळ ओळखपत्र नसणे संशयास्पद नव्हते, पण शिधापत्रिका नसणे निश्चितच संशयास्पद होते. शिधापत्रिकेवर वयोगटानुसार ‘ई’, ‘जे-१’, ‘जे-२’, ‘जे-३’ असे वर्ग असत. तिच्यावरील नव्या कुपनांसाठी ठराविक काळाने नगरपालिकेच्या खिडकीशी जावे लागे. एकदा तपासणी नाक्यावर दाखवून खिशात घालावे असा हा कागद नव्हता. तो दरमहा नव्याने पटवून द्यावा लागे. ज्या मठात, वसतिगृहात वा शेतकऱ्याच्या घरी मूल ठेवले असेल, तेथील यजमानास ते मूल पोसणे त्या कुपनांवाचून जवळजवळ अशक्य होते. बनावट कागदांचा पुरवठा अखंड राहावा लागे आणि प्रतिकार गट नगरपालिकांवर छापे घालून कोरी कुपने पळवीत, त्यामागील कारण हेच.

दस्तऐवजांचे प्रकार : ज्यू भूमिगतांच्या बोलीत खोट्या कागदांचे मुख्यतः दोन वर्ग केले जात. पूर्णतः कल्पित व्यक्तीच्या नावे केलेल्या कागदांना ‘सिंथे’, म्हणजे कृत्रिम, म्हणत. खऱ्या व्यक्तीच्या जन्मनोंदीवर बेतलेल्या कागदांना ‘बायो’ म्हणत. पहिला प्रकार लवकर तयार होई, परंतु जन्मगावच्या नगरपालिकेकडे विचारणा होताच उघडा पडे. त्यावर उपाय म्हणून जन्मस्थान विचारपूर्वक निवडले जाई. बाँबहल्ल्यात दप्तर नष्ट झालेले एखादे गाव, अथवा नोव्हेंबर १९४२ मध्ये दोस्त फौजा उतरल्यानंतर संपर्क तुटलेला अल्जीरिया, ही त्यासाठी सोयीची ठिकाणे होती. परदेशी उच्चार लपेना अशा मुलाला जर्मन बोली असलेल्या आल्सेस प्रांतातून आलेला निर्वासित ठरविणे हाही एक रूढ मार्ग होता. नवे नाव ठरविताना आद्याक्षरे शक्यतो कायम ठेवीत, कारण कपड्यांवर विणलेली अक्षरे आणि मुलाच्या तोंडून सवयीने निघणारे अर्धे नाव या दोहोंची सोय त्यातून होई. मारियान कोन या कार्यकर्तीने स्वतःसाठी ‘मारी कोलँ’ हे नाव घेतले होते, ते याच पद्धतीचे उदाहरण मानता येते. ‘बायो’ कागदांसाठी नगरपालिकेतील माणूस अनुकूल असणे आवश्यक होते. द्रोम जिल्ह्यातील द्यलफी येथे नगरपालिकेच्या चिटणीस झान बार्निए यांनी खुद्द कचेरीतूनच असे कागद दिले. कायद्याच्या भाषेत हे दाखले बनावट होते; शिक्का, कागद व सही करणारी खुर्ची मात्र खरी होती. अभ्यासकांनी अशा लहान गावांतील चिटणिसांकडे बनावट कागद करणाऱ्या गुप्त प्रयोगशाळांच्या मानाने कमी लक्ष दिले आहे.

‘ला सिझियेम’ : मुलांसाठी कागद पुरविणाऱ्या संघटनांमध्ये ‘ला सिझियेम’ (‘सहावी’) ही प्रमुख होय. तिच्या नावाच्या उगमाविषयी विविध स्पष्टीकरणे दिली जातात. सहावे पथक, सहावा कक्ष किंवा सहा संस्थापक असे अर्थ अधूनमधून लावले गेले असले, तरी प्रशासकीय उगमाचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. व्हिशी सरकारने २९ नोव्हेंबर १९४१ च्या कायद्याने सर्व ज्यू संस्थांचे विसर्जन करून त्यांच्या जागी ‘यूझिफ’ हा एकच सक्तीचा संघ स्थापन केला. १९२३ मध्ये रोबेर गामझों यांनी स्थापलेली ज्यू बालवीर संघटना या संघाच्या चौथ्या, म्हणजे युवक, विभागात समाविष्ट करण्यात आली आणि त्या विभागाचा सहावा उपविभाग म्हणजे युवकांची समाजसेवा शाखा. तिचेच भूमिगत रूप पुढे ‘सहावी’ म्हणून ओळखले गेले. सरकारने लादलेल्या कोष्टकातील एक क्रमांक भूमिगत संघटनेचे नाव व्हावा, यातला उपहास कार्यकर्त्यांच्या लक्षात आला नसेल असे वाटत नाही. स्थापनेच्या काळाबाबत काही लेखक १९४३ चा आरंभ सुचवितात, कारण बालवीर संघटनेचे अधिकृत विसर्जन त्या सुमाराचे आहे. परंतु कागद बदलण्याचे व मुले पांगविण्याचे काम ऑगस्ट १९४२ च्या धरपकडीबरोबरच सुरू झाले होते, ही बाब विचारात घेता १९४२ चा उत्तरार्ध मानणे सयुक्तिक ठरते. आँरी वाल हे तिचे एक प्रमुख संघटक होते. दक्षिणेतील मोआसाक येथील बालगृह हे तिच्या जाळ्याचे एक महत्त्वाचे केंद्र होते. संघटनेच्या समाजसेवा शाखेचे प्रमुख मार्क आग्नो यांना फेब्रुवारी १९४४ मध्ये ग्रनोबल येथे अटक झाली व निसटण्याच्या प्रयत्नात त्यांचा अंत झाला.

प्रयोगशाळा व शाईचा प्रश्न : पॅरिसमधील र्यू दे सँ-पेर या रस्त्यावरील पोटमाळ्यावर ‘सिझियेम’ची प्रयोगशाळा होती. तेथे काम करणारे आदोल्फो कामिन्स्की (१९२५–२०२३) यांचा जन्म ब्वेनस आइरेस येथील ज्यू कुटुंबात झाला. नॉर्मंडीतील व्हीर या गावी एका रंगाऱ्याकडे उमेदवारी करताना आणि एका दुग्धशाळेतील रसायनतज्ज्ञास मदत करताना त्यांनी डाग व रंग काढण्याची विद्या आत्मसात केली. १९४३ मध्ये कुटुंबाला पॅरिसजवळील द्रांसीच्या, हद्दपारीपूर्वी ज्यूंना ठेवण्याच्या, छावणीत डांबण्यात आले. अर्जेंटिनाचे नागरिकत्व असल्याने त्यांची सुटका झाली. स्वतःच्या कुटुंबासाठी खोटे कागद मिळविण्याच्या खटपटीत त्यांचा संघटनेशी संबंध आला. त्या वेळी त्यांचे वय अवघे १८ होते.

वॉटरमन कंपनीची निळी शाई पुसता येत नाही अशी तेव्हा ख्याती होती. कामिन्स्की यांनी ती लॅक्टिक अम्लाने काढून दाखविली, असे त्यांच्या आठवणींत आले आहे. दुग्धशाळेत शेतकऱ्यांनी आणलेल्या मलईची परीक्षा मिथिलीन ब्ल्यू या निळ्या रंजकाने होत असे आणि मलईतील अम्लाने तो रंग फिका पडतो हे त्यांनी पाहिले होते. रसायनशास्त्रदृष्ट्या या कथनाकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. मिथिलीन ब्ल्यूचे क्षपण झाले की त्याचे वर्णहीन रूप तयार होते, परंतु हवेतील ऑक्सिजनाने त्याचे पुन्हा ऑक्सिडीकरण होऊन निळा रंग परत येऊ शकतो. दुधाच्या प्रचलित परीक्षेतही रंग जातो तो प्रामुख्याने जंतूंच्या क्रियेने दुधातील ऑक्सिजन कमी होतो म्हणून, केवळ अम्लामुळे नव्हे. कागदावरचा रंग कायमचा जावा यासाठी क्षपणाच्या जोडीला विद्राव्य झालेला रंजक कागदाच्या तंतूंतून धुऊन निघणेही आवश्यक असले पाहिजे. सौम्य कार्बनी अम्लाचा येथे खरा लाभ असा की, विरंजक चूर्णासारख्या प्रखर द्रव्याप्रमाणे ते कागदाची पार्श्वभूमी फिकट करीत नाही व मूळ छपाई शाबूत राहते. तात्पर्य, स्पष्टीकरण ढोबळ असले तरी कृती यशस्वी होती, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

खोडून दुरुस्त करण्याच्या पद्धतीला लवकरच मर्यादा जाणवू लागल्या. मागणी वाढताच कोरे नमुनेच छापणे क्रमप्राप्त झाले. त्यासाठी छायाकोरणाने (छायाचित्रावरून धातूच्या पट्टीवर कोरून) ठसे तयार करावे लागत. प्रकाशसंवेदी लेप पट्टीवर समान पसरावा म्हणून कामिन्स्की यांनी सायकलच्या चाकापासून केंद्रोत्सारी यंत्र बनविले होते. शिक्के रबरावर उतरवीत आणि नवा कागद जुना व हाताळलेला दिसावा यासाठी तो मळवून, घडी घालून घेत. एका तासात तीस कागद होतात, म्हणजे तासभर झोप घेतली तर तीस जीव जातील, असा हिशेब ते मांडत असत. पॅरिस परिसरातील बालगृहांतील ३०० मुलांसाठी तीन दिवसांत जन्मदाखले, बाप्तिस्म्याचे दाखले व शिधापत्रिका मिळून ९०० च्या आसपास कागद करण्याची मागणी आल्याची हकीकत त्यांनी सांगितली आहे. या मागणीत ओळखपत्रेही होती, पण ती मुलांसाठी नसून त्यांना नेणाऱ्या सोबत्यांसाठी होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अन्य केंद्रे : नीस हे शहर ८ सप्टेंबर १९४३ पर्यंत इटालियन ताब्यात असल्याने तेथे तुलनेने सुरक्षितता होती. इटलीच्या शरणागतीनंतर ज्यूंच्या हद्दपारीचे काम पाहणारा एस.एस. अधिकारी आलोइस ब्रुनर तेथे आला व धरपकड सुरू झाली. दमास्कसमध्ये जन्मलेले मूसा आबादी आणि डॉक्टर ओदेत रोझनश्टोक यांच्या ‘मार्सेल’ जाळ्याने या भागात ५२७ मुले लपविली. बिशप पोल रेमों यांनी आबादींना स्वतःच्या निवासात खोली व धर्मप्रांताच्या शाळा-तपासनिसाचे पद दिले. ज्यू कार्यकर्ते मोरिस लोबेनबर्ग (टोपणनाव ‘काशू’) हेही नीसमध्ये कागद तयार करीत. पुढे पॅरिसमध्ये प्रतिकार चळवळीच्या बनावट कागद विभागाची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि जुलै १९४४ मध्ये छळात त्यांचा मृत्यू झाला. ल शांबों-स्यूर-लिन्याँ या डोंगराळ पठारावरील गावी ऑस्कर रोझॉव्स्की (जन्म बर्लिन, १९२३) यांनी हे काम केले. नीसमध्ये टंकलेखन यंत्रे दुरुस्त करताना सरकारी कचेरीत त्यांचा वावर होता, त्यामुळे अधिकृत कागदांची ठेवण त्यांना परिचित होती. तयार कागद ते एका शेतकऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपवीत. ग्रनोबल येथे झायनवादी (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कार करणाऱ्या) युवक चळवळीची (स्थापना मे १९४२) स्वतंत्र कार्यशाळा होती.

मुलांची तयारी व सरहद्द : कागद हाती आल्यावर मुलाला तो पाठ करावा लागे. नवे नाव, आईवडिलांची नावे, जन्मगाव, बाप्तिस्म्याचे चर्च, शिवाय प्रार्थना आणि क्रूसाची खूण कशी करायची हेही शिकवावे लागे. नावाने अचानक हाक मारून मूल वळते का, याची परीक्षा घेतली जाई. आबादी यांनी या प्रक्रियेस व्यक्तित्व काढून घेणे असे म्हटले असून त्याविषयीची व्यथा त्यांनी उतारवयातही बोलून दाखविली. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कागदापेक्षा हीच बाजू अधिक धोक्याची होती.

स्वित्झर्लंडकडे जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत उलटा प्रश्न उद्भवे. ऑगस्ट १९४२ मध्ये स्विस सरकारने वांशिक कारणास्तव पळून येणाऱ्यांना प्रवेश नाकारला, परंतु सोळा वर्षांखालील एकट्या मुलांना बहुधा परत पाठविले जात नसे. म्हणून आनमास या सरहद्दीवरील फ्रेंच गावापर्यंतच्या आगगाडीत मूल फ्रेंच ख्रिस्ती असावे लागे आणि कुंपण ओलांडताच ते खऱ्या नावाचे ज्यू असावे लागे. ‘ओझे’ या बालकल्याण संस्थेच्या वतीने मुले पोहोचविणारे झोर्झ लोआँझे सरहद्दीलगतच्या मैदानात चेंडूच्या खेळाचा आधार घेत व चेंडू आणण्याच्या निमित्ताने मुलांना पलीकडे धाडीत. ३१ मे १९४४ रोजी मारियान कोन मुलांच्या एका गटासह पकडल्या गेल्या. या गटाची संख्या २८ ते ३२ अशी वेगवेगळी दिली जाते. आनमासचे महापौर झाँ देफो यांच्या प्रयत्नांनी मुले वाचली. कोन यांची जुलैच्या आरंभी हत्या झाली.

आकड्यांविषयी : कामिन्स्की यांच्या कागदांमुळे १४,००० लोक वाचले असे वृत्तपत्रांत अनेकदा छापले जाते. हा आकडा तयार कागदांच्या अंदाजावरून आलेला दिसतो आणि एका व्यक्तीस तीन-चार कागद लागत असल्याने कागद व माणसे यांची बरोबरी करणे योग्य नव्हे. ल शांबों पठारावर ५,००० ज्यू वाचले या परिचित आकड्याविषयीही अलीकडील इतिहासकार सावध असून तो कमी करण्याकडे त्यांचा कल आहे. झोर्झ गारेल यांच्या, ‘ओझे’च्या भूमिगत, जाळ्याने सांभाळलेल्या सुमारे १,५०० मुलांचा आकडा आणि ‘मार्सेल’चा ५२७ हा आकडा अधिक विश्वसनीय मानावा लागतो, कारण ते मुलांच्या याद्यांवर आधारलेले आहेत. दुसरीकडे, कागद करता येत असूनही पॅरिस परिसरातील ‘यूझिफ’ची बालगृहे वेळेत रिकामी करण्यात आली नाहीत. २१ ते २५ जुलै १९४४ दरम्यान ब्रुनरने त्यांवर छापे घातले आणि दोनशेहून अधिक मुले ३१ जुलैच्या गाडीने आउशविट्सला रवाना झाली. पॅरिसच्या मुक्तीस तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते.

अन्य देश : नेदर्लंड्समध्ये शिल्पकार खेरित फान डेर फेन यांच्या गटाने ओळखपत्रे केली. तेथील ओळखपत्राची रचना विशेष अवघड असल्याने २७ मार्च १९४३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावरच हल्ला करण्यात आला. बेल्जियममध्ये ज्यू संरक्षण समितीने मुलांची खरी व खोटी नावे वेगवेगळ्या सांकेतिक वह्यांत ठेवली. पोलंडमध्ये ज्यूंना मदत करणारी गुप्त समिती ‘झेगोटा’ आणि १९४४ मध्ये बुडापेस्टमध्ये झायनवादी युवक गट यांच्या कार्यशाळा होत्या.

युद्धोत्तर काळ : मुक्तीनंतर नावे परत जोडण्याचे काम जपलेल्या याद्यांवरून झाले. लहानपणीच नाव बदललेल्या काही मुलांना मूळ नाव परके वाटे. खोट्या दाखल्यावरचा बाप्तिस्मा आणि प्रत्यक्ष दिलेला बाप्तिस्मा यांतील भेद आता वादाचा ठरला. ग्रनोबल येथील फिनाली या अनाथ ज्यू बंधूंना १९४८ मध्ये त्यांच्या पालनकर्तीने बाप्तिस्मा देवविला व नातेवाइकांकडे सोपविण्यास नकार दिला. न्यायालये, चर्च आणि ज्यू संघटना यांच्यातील हा तंटा १९५३ मध्ये मुले इझ्राएलला गेल्यावर मिटला.