तोंडाला वास येतो म्हणजे पोट साफ नाही?

‘तोंडाला वास येतो म्हणजे पोटात घाण साचली आहे, रोज रात्री त्रिफळा घ्या’, हा सल्ला घरोघरी दिला जातो. तो पटतोही, कारण करपट ढेकर आली की वास येतोच. पण ढेकर संपली की अन्ननलिकेचं वरचं तोंड मिटतं आणि एरवी ते मिटलेलंच असतं. त्यामुळे पोटातली हवा श्वासात सतत मिसळत नाही.

कायमच्या दुर्गंधीचं मूळ बहुतेकदा तोंडातच सापडतं: जिभेचा मागचा भाग, हिरड्या, किडलेले दात. आणि टॉन्सिल, ज्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. टॉन्सिलना बारीक खळगे असतात. त्यांत अन्नकण आणि मेलेल्या पेशी अडकतात, जिवाणू त्यांतून गंधकयुक्त वायू सोडतात आणि कालांतराने तिथे पांढरट-पिवळा खडा तयार होतो. कधी तो खोकल्यासरशी बाहेर पडतो. बोटांत चिरडून पाहिलात तर वासाचा उलगडा तिथल्या तिथे होतो!

पडताळायचं असेल तर चमच्याने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडा आणि मिनिटभराने चमचा हुंगा. मग ओठ मिटून फक्त नाकाने श्वास सोडा आणि घरातल्या कुणाला तरी वास घ्यायला सांगा. तोंडाने सोडलेल्या श्वासालाच वास असेल तर उगम तोंडात किंवा घशात आहे. नाकाच्या श्वासालाही असेल तर सायनस किंवा इतर कारणं तपासावी लागतात.

खडे पिनेने टोकरू नका, रक्त येतं. मिठाच्या कोमट पाण्याने जोरात गुळण्या करा, रोज जीभ घासा. आधी दातांचे डॉक्टर गाठा. खडे वारंवार होत असतील तर कान-नाक-घशाचे.